एका जागी बस जरा!

खेळणाऱ्या मुलाच्या मागे मागे राहायचं आणि दर तीन सेकंदांनी ते काय करतंय याची नोंद करायची, असा खटाटोप अमेरिकेतल्या काही संशोधकांनी एकदा केला. मुलं अवघी १५, वयं सहा ते दहा. हा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जे दिसलं ते घरात लहान मूल असलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल, पण आकड्यांत वाचलं की नवल वाटतं. पळणं, उडी मारणं, चढणं अशी जोराची हालचाल एका वेळी साधारण तीन सेकंद टिकत होती. चालणं, वाकणं, काहीतरी उचलणं अशी हलकी किंवा मध्यम हालचाल सहा सेकंद. जोराच्या हालचालींपैकी ९५ टक्के तर १५ सेकंदांच्या आतच आटोपत होत्या. मग जरासा थांबा, आणि पुन्हा काहीतरी निराळंच.

म्हणजे मुलांचा व्यायाम सुट्ट्या पैशांत असतो. मोठ्यांचं तसं नाही. आपण सकाळी पाऊण तास टेकडीवर जातो, एक नोट मोडल्याचं समाधान मिळवतो आणि उरलेला दिवस खुर्चीत घालवतो. आणि हीच पद्धत आपण मुलांनाही लावली आहे. दिवसभराची चिल्लर त्यांच्याकडून काढून घ्यायची आणि संध्याकाळी पाच ते सहा या वेळात स्केटिंगच्या किंवा क्रिकेटच्या क्लासची एक नोट त्यांच्या हातावर ठेवायची. क्लासला माझा विरोध नाही. पण क्रिकेटच्या क्लासला गेलेल्या मुलाकडे एकदा लांबून बघा. बॅटिंगचा नंबर येईपर्यंत पॅड बांधून ते रांगेत किती वेळ उभं असतं, ते दिसेल.

‘याची बॅटरी संपत कशी नाही?’ या आईबापांच्या प्रश्नाचं उत्तरही आता बऱ्यापैकी मिळालं आहे. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी वयात न आलेली मुलं, व्यायामाची सवय नसलेले मोठे पुरुष आणि दमसासाच्या खेळांत मुरलेले खेळाडू अशा तिघांना सायकलवर जोर लावायला सांगितलं. दमण्याच्या बाबतीत मुलं सवय नसलेल्या मोठ्यांपेक्षा खेळाडूंच्या जास्त जवळ होती, आणि दम ओसरण्यात तर ती खेळाडूंपेक्षाही वेगवान ठरली. मुलांचे स्नायू ऊर्जेसाठी ऑक्सिजनवर अधिक भर देतात, आणि मेहनतीनंतर त्यांचं शरीर झटपट पूर्वपदावर येतं. म्हणून पोर धापा टाकत भिंतीला टेकतं आणि आपण पाण्याचा पेला आणेपर्यंत पुन्हा गायब झालेलं असतं. त्याला वेड लागलेलं नसतं, त्याची यंत्रणाच तशी असते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलेलं प्रमाण आता बऱ्याच जणांना पाठ आहे: पाच ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोराची हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडांना ताकद देणारं काहीतरी त्यात असावं. ही ६० मिनिटं एका दमात पुरी करा असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही, ही गोष्ट मात्र आपल्याकडे कुणी फारशी मनावर घेत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण २०१९ मध्ये आलं आणि ते जास्त बोलकं आहे. एक ते चार वर्षांच्या मुलांसाठी १८० मिनिटं, आणि तीही दिवसभरात विखुरलेली. रांगत नसलेल्या बाळानं जागेपणी एकूण किमान अर्धा तास पालथं असावं. आणि बाबागाडीत, खुर्चीत किंवा पाठीशी बांधून सलग तासाभरापेक्षा जास्त वेळ मुलाला अडकवून ठेवू नये.

इथं वॉकरबद्दल सांगायला हवं. ज्यात मूल मधोमध लोंबकळत बसतं आणि पायाच्या टोकांनी घरभर सरकतं, त्या गोल प्लॅस्टिकच्या वॉकरनं मूल लवकर चालायला लागत नाही. उलट त्यानं होणाऱ्या अपघातांमुळे कॅनडानं २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा त्याच्या नेमका उलटा. मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून, स्वतःचा तोल स्वतः सांभाळत तो ढकलतं. घरातल्या माळ्यावर असेल तर काढा.

मोजमाप केलं तर चित्र कसं आहे? १४६ देशांतल्या ११ ते १७ वर्षांच्या सुमारे १६ लाख शाळकरी मुलांच्या माहितीवरून २०१९ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१६ मध्ये जगातल्या ८१ टक्के मुलांची हालचाल पुरेशी नव्हती. भारतात हे प्रमाण थोडं कमी, तरी दर चार मुलांमागे साधारण तीन. इतकी सगळी मुलं एकाच वेळी आळशी झाली असतील असं म्हणणं अवघड आहे. दोष त्यांच्या दिवसाच्या रचनेतच असणार.

ही रचना किती मोठा फरक पाडते, याचा जुना पुरावा लंडनच्या दुमजली बसमध्ये आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ मध्ये तिथल्या बसचालकांच्या आणि कंडक्टरांच्या हृदयविकाराची तुलना केली. बस तीच, धूर तोच, वस्त्याही बहुधा त्याच. पण चालक पाळीभर बसून आणि कंडक्टर दिवसातून पाच-सातशे पायऱ्या चढणारा. कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झाला तरी तुलनेनं उशिरा आणि सौम्य. (दोघांच्या प्रकृतीत मुळात काही फरक होता का, हा प्रश्न पुढे मॉरिस यांनीच उपस्थित केला, आणि त्यांच्यानंतरच्या अनेक अभ्यासांनी निष्कर्षाची दिशा पक्की केली.) यातला कुणी व्यायामशाळेत जात होता म्हणून नव्हे, तिकिटं फाडण्याच्या नोकरीनंच त्याला हलवत ठेवलं होतं.

आता आपल्याकडचा एक घरगुती समज. ‘बारीक आहे ना, मग काळजी नाही.’ पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचाच फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा: २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांत जन्मलेल्या बाळांचा अभ्यास करताना याज्ञिक यांच्या गटाला हेच दिसलं होतं. आपली बाळं वजनानं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानानं राखून असलेली. कमी पडतो तो स्नायू. आणि स्नायू हे जेवणानंतरची साखर साठवण्याचं शरीरातलं सर्वांत मोठं ठिकाण आहे. तो आखडतो-पसरतो तेव्हा इन्शुलिनवर फारसं न विसंबताही रक्तातली साखर आत ओढून घेतो. म्हणून आपल्याकडे वजनकाट्याकडे बघून मुलाच्या हालचालीचा अंदाज बांधणं धोक्याचं. गुटगुटीत मुलाला पळवायचं आणि सडपातळ मुलाला सोफ्यावर बसू द्यायचं, यात सडपातळ मुलाचं नुकसान होतं.

शहरातल्या चौथी-पाचवीच्या मुलाचा दिवस बघा. लिफ्टनं खाली, व्हॅन दारात, शाळेत सात-आठ तास, मधल्या सुट्टीत डबा संपवण्याची घाई, परत व्हॅन, जेवण, शिकवणी, गृहपाठ, टीव्ही. पूर्वी ‘जा, कोपऱ्यावरून दही घेऊन ये’ म्हटलं की चार जिने आणि एक गल्ली व्हायची, शिवाय वाटेत मित्र भेटला तर अर्धा तास जास्त. आता दही दहा मिनिटांत दारात येतं. मुलाच्या पायांचं काम आपण डिलिव्हरी करणाऱ्या तरुणाच्या दुचाकीला देऊन टाकलं. तसंच पाण्याचं, गिरणीवरच्या दळणाचं, गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांना राखण बसण्याचं. ही कामं गोड होती असं नाही. हंड्यांनी पाणी वाहणाऱ्या मुलींना ती आजही गोड वाटत नसतील. पण ती जाताना त्यांच्यासोबत हालचालही गेली, आणि तिच्या जागी आपण काही ठेवलं नाही.

सर्वांत मोठा तुकडा शाळेचा. दिवसातले सर्वांत जास्त जागे तास मूल तिथं काढतं आणि ‘एका जागी बस जरा’ हे वाक्य तिथंच सर्वांत जास्त ऐकतं. पी.टी.चा तास वेळापत्रकात असतो, पण सहामाही जवळ आली की तो गणिताला जातो. यामागचा हिशेब असा की बसलेलं मूल शिकतं आणि पळणारं मूल वेळ घालवतं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या चार्ल्स हिलमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये साडेनऊ वर्षांच्या आसपासच्या मुलांना एकदा २० मिनिटं शांत बसवलं आणि एकदा २० मिनिटं ट्रेडमिलवर चालवलं, आणि दोन्ही वेळा नंतर चाचण्या घेतल्या. चालून आल्यावर मुलांचं लक्ष अधिक टिकलं आणि वाचलेलं समजण्यात ती सरस ठरली. मुलं फक्त २० होती, त्यामुळे यावर फार मोठा डोलारा उभारू नये. पण पी.टी.चा तास गणिताला दिल्यानं गणित सुधारतं, असा पुरावा तरी कुणाकडे आहे?

फिनलंडमध्ये ४५ मिनिटांच्या तासाला जोडून १५ मिनिटांची सुट्टी द्यायची प्रथा आहे आणि त्या सुट्टीत मुलं बाहेर जातात, थंडीतसुद्धा. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग शहरातल्या एका प्राथमिक शाळेत २०१२ मध्ये मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी एका वर्गाला मैदानाला फेऱ्या मारायला सांगितलं, तर बहुतेक मुलं पहिल्या फेरीतच गळाली. मग त्यांनी रोज १५ मिनिटं वर्ग बाहेर काढायला सुरुवात केली. गणवेश बदलायचा नाही, शर्यत लावायची नाही, पळा, चाला, गप्पा मारा, पण थांबू नका. हाच ‘डेली माइल’ पुढे अनेक देशांतल्या हजारो शाळांत गेला. त्याचं यश त्याच्या साधेपणात आहे. साहित्य नाही, प्रशिक्षक नाही, कपडे बदलण्यात जाणारी दहा मिनिटं नाहीत. आपल्याकडे परिपाठ संपल्यावर मुलं रांगेनं वर्गात जातात. ती रांग मैदानाला दोन फेऱ्या मारून आत गेली तर परिपाठात फारसा बदल करावा लागणार नाही, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या मार्च-एप्रिलमध्येही ती वेळ उन्हाच्या आधीची असते.

वर्गाच्या आतही वाव आहे. साताऱ्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळा ज्ञानरचनावादी वर्गांसाठी राज्यभर ओळखल्या गेल्या, कुठून कुठून शिक्षक त्या पाहायला गेले. जमिनीवर रंगवलेली अक्षरं, संख्यांच्या पट्ट्या, चौकटी, आणि त्यांच्याभोवती घोळक्यानं काम करणारी मुलं. हेतू शिकण्याचा होता. पण मूल पट्टीवर तीनवरून सातवर उड्या मारत जातं तेव्हा बेरजेबरोबर आणखीही काही होत असतं. बाकावरून फळ्यापर्यंत जाणं, उभं राहून वाचणं, उत्तर ‘हो’ असेल तर उजव्या भिंतीकडे आणि ‘नाही’ असेल तर डाव्या भिंतीकडे पळणं, यांत शिकवण्याचा वेळ वाया जात नाही.

खेळांबद्दल मात्र जरा निवांत बोलायला हवं, कारण इथं आपल्याकडे खजिना आहे आणि तो कसा वापरायचा याचा विचार कमी झालाय. खो-खो घ्या. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं त्याचे नियम बांधले. आठ जण पाटीवर बसलेले, नववा पळतोय, ‘खो’ मिळाला की दुसरा उठतो. प्रत्येकाला काही सेकंद जीव तोडून पळायचं, मग बसायचं, मग पुन्हा. अमेरिकेतल्या त्या नोंदींत मुलांच्या अंगच्या हालचालीची जी लय दिसली, तीच या खेळाची लय आहे. लंगडी एका पायावर, म्हणजे हाडावर आणि घोट्यावर भार, शिवाय तोल. फुगडीला दोन मुलं आणि चटईएवढी जागा पुरते, पावसाळ्यात व्हरांड्यातही जमते.

पण प्रत्येक खेळ सारखा नाही. ज्या खेळात बाद झालेलं मूल बाजूला बसतं, त्यात सर्वांत कमकुवत मूल सर्वांत जास्त वेळ बसून राहतं. ज्याला पळण्याची गरज जास्त, तोच प्रेक्षक. विष-अमृतमध्ये तसं होत नाही, विष मिळालेल्याला कुणीतरी अमृत देऊन सोडवतं. साखळीत पकडला गेलेला साखळीलाच जोडला जातो आणि पळतच राहतो. डोंगर-पाण्यात राज्य आलं तर उलट जास्त पळावं लागतं. हे खेळ कुणी रचले कोण जाणे, पण ज्यांनी रचले त्यांना पोरं कळत होती. बालवाडीच्या किंवा सोसायटीच्या ताईंनी खेळ निवडताना एवढंच बघावं: बाद झाल्यावर मूल काय करतं?

मुलींचा प्रश्न याहून अवघड आहे. वर सांगितलेल्या जागतिक अभ्यासात अपुरी हालचाल करणाऱ्या मुलग्यांचं प्रमाण ७८ टक्के, मुलींचं ८५. हाडांत खनिज भरण्याचा वेग मुलींमध्ये साधारण साडेबाराव्या वर्षी आणि मुलग्यांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत जास्त असतो. वाढीच्या या ऐन दोन वर्षांत प्रौढपणी असणाऱ्या हाडांतल्या खनिजापैकी सुमारे पाव भाग जमा होतो. हाड मजबूत होतं ते त्याच्यावर आदळ-आपट होते तेव्हा: उडी, धाव, दिशा बदलणं. नेमकी हीच वर्षं आपल्याकडे ‘आता मोठी झालीस’ म्हणून मुलीला मैदानावरून घरात घेण्याची. पन्नाशीत आईची हाडं ठिसूळ झाल्याचं तपासणीत कळतं, तेव्हा कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतात. त्या वेळी बारा वर्षांच्या मुलीच्या दोरीवरच्या उड्या कुणाला आठवत नाहीत. मैदानावर राहायला मुलीला काय लागतं? बिनघोर पळता येईल असा गणवेश, शाळेत पाणी असलेलं स्वच्छ स्वच्छतागृह, पाळीच्या दिवसांत ‘नको’ म्हणण्याची आणि ‘हो’ म्हणण्याचीही मोकळीक, आणि सोबतीला आणखी चार मुली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिला आणि पुरुष अशा दोन्ही संघांनी जिंकला, आणि महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे महाराष्ट्राची होती. ही बातमी सातवीच्या वर्गात सांगितली जावी.

डोळ्यांचं एका वाक्यात. चीनमधल्या ग्वांगझो शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेलं, तर तीन वर्षांत लांबचं न दिसण्याचा दोष ३०.४ टक्के मुलांत निर्माण झाला, न नेलेल्यांत ३९.५ टक्के, इथं काम पळण्यापेक्षा उजेडाचं असावं, पण बाहेर गेलेलं मूल उभं राहतं थोडंच?

घरी काय करायचं, याची मोठी यादी लागत नाही. शाळा लांब असेल तर व्हॅनऐवजी गाडीनं सोडणाऱ्या आईबाबांनी पाच-सात मिनिटांच्या अंतरावर उतरून बरोबर चालावं. गृहपाठ दर वीस-पंचवीस मिनिटांनी मोडावा आणि त्या मोडीत काही काम द्यावं: गच्चीवरचे कपडे, खालच्या मजल्यावरच्या आजींना वाटी, कुंड्यांना पाणी. मोबाइल हिसकावून घेण्यापेक्षा त्या वेळात दुसरं काहीतरी घडत असणं जास्त उपयोगी पडतं. अंथरुणावर उड्या मारणाऱ्या मुलाला, स्प्रिंग जपायची असेल तर, जमिनीवर गादी टाकून द्यावी. आणि मोठ्यांनी रविवारी स्वतः लंगडी घालून बघावी, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या बोलतील.

उरते जागा. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलेलं आहे. सोसायट्यांच्या नकाशांतही मोकळी जागा दाखवलेली असते, पण प्रत्यक्षात तिथं गाड्या उभ्या असतात आणि भिंतीवर ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी. वार्षिक सर्वसाधारण सभेत गळतीवर दोन तास भांडण होतं, मुलांवर पाच मिनिटंही नाही. संध्याकाळी साडेपाच ते सात या वेळात एक बाजू गाड्यांपासून मोकळी ठेवायची, एवढा एक ठराव लिहून द्या, सूचक आणि अनुमोदक दोघं मिळतील. शाळेतलं कामही तितकंच सोपं आहे. जूनच्या पालकसभेत फीच्या आधी हे विचारा: मधली सुट्टी किती मिनिटांची, आणि डबा खाऊन झाल्यावर त्यातली किती उरतात? गेल्या वर्षी पी.टी.चे किती तास प्रत्यक्ष झाले? मस्ती केली म्हणून मुलाची खेळाची सुट्टी कापली जाते का? आणि शाळा सुटल्यावर मैदानाच्या फाटकाला कुलूप लागतं ते किती वाजता, आणि किल्ली कुणाकडे असते?